भाकरीच्या फळीची वाटणी

तांदळाच्या भाकरीला घाम येतो. हे ज्यांना पटत नाही त्यांनी तव्यावरची गरम भाकरी अ‍ॅल्युमिनियमच्या परातीत टाकून पाहावी. वरून टम्म फुगलेली दिसते, पण उचलली की खालून ओली आणि चिकट. लाकडावर तसं होत नाही, लाकूड वाफ पिऊन टाकतं. एवढी साधी गोष्ट मला लग्न होऊन कडावला येईपर्यंत कुणी सांगितली नव्हती. माझं माहेर कुंभिवलीचं. हमरस्त्यावरचं गाव, त्यामुळे नवीन भांडी आमच्याकडे लवकर आली आणि आम्ही घामट भाकऱ्या वर्षानुवर्षं आनंदाने खाल्ल्या.

सासरी मात्र फळी होती. तिला दुसरं नाव नव्हतं, नुसती फळी. लांबलचक, दोन वीत रुंद, आणि दोन्ही टोकांना धरायला कोरून काढलेले कान. बांधावरचं शिवणीचं झाड वाऱ्याने पडलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, ती स्वतःच्या हाताने तासली होती. मामंजी सुतार नव्हते, भात पिकवणारे शेतकरी. पण घरात लाकूड तासायचा एक वाकस होता आणि लावणी उरकल्यावर हाताला उसंत होती, तेवढं त्यांना पुरलं. वाकसाचे घाव फळीच्या पाठीवर शेवटपर्यंत दिसायचे. गावच्या सुताराने ती हातात घेऊन "जरा जाड ठेवलीत" एवढंच म्हटलं, तर मामंजींनी पुढे कित्येक दिवस त्याच्याकडे पाहिलंही नाही.

लावणीला घरात माणसं बरीच असत. सगळी ओटीवर पंगतीला बसली की मी आणि माझी मोठी जाऊ फळी घेऊन निघायचो. तिला मी बाय म्हणायची. एका हाताने आपापल्या बाजूचा कान धरायचा, दुसऱ्या हाताने वाढायचं. पावलं बरोबर पडली नाहीत तर भाकऱ्या घसरून एखाद्याच्या कालवणात. पहिल्या वर्षी बाय माझ्यावर अशी ओरडायची की पंगतीतली माणसं खाली मान घालून हसायची. मग जमलं. इतकं जमलं की वाढता वाढता आमच्या गप्पा सुरू झाल्या. कुणाच्या म्हशीने किती दूध दिलं, कुणाची सून माहेरी का गेली, सगळं फळीवरच्या भाकऱ्यांच्या वरून, हळू आवाजात. दिवसभरात दोघींना निवांत बोलायला तेवढीच जागा होती, आणि ती वीस माणसांसमोर.

बाय माझ्यापेक्षा बरीच मोठी. काटकुळी, सावळी, आणि आवाज असा की हाक मारली तर नदीपलीकडची माणसं वळून बघत. फळीची काळजी मला तिनेच शिकवली. शिकवली म्हणजे दम दिला.

"हे बघ गं, फळी पाण्यात बुडवायची नाय. ती काय म्हैस हाय डुंबायला?"

कोमट पाण्याचा हात फिरवायचा, तुसाची राख लावून घासायचं, लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं. कधी बोंबलाचा वास बसला तर मीठ टाकून वरून लिंबाची फोड चोळायची. धुतली की भिंतीला उभी करायची. आडवी ठेवली तर खालचं अंग ओलं राहतं आणि पावसाळ्यात बुरशी धरते. उन्हात तर मुळीच ठेवायची नाही, उन्हात लाकूड तडकतं. चुलीजवळही नाही. मग ठेवायची कुठे, असं मी एकदा वैतागून विचारलं. "माझ्या डोक्यावर," बाय म्हणाली.

अमावस्येला औत नसे, बैल बसून असत. तो फळीच्या तेलाचा दिवस. खोबरेल जरा कोमट करायचं, जुन्या लुगड्याच्या चिंधीने लाकडाच्या रेषेने चोळत जायचं, रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी पुसून काढायचं. गोडंतेल लावलं की फळी चिकट होते आणि खवट वास मारते. आणि तेल दोन्ही अंगांना लावायचं, पोटाला आणि पाठीला. पाठ कुणाला दिसत नाही म्हणून मी एकदा नुसतं पोटाला लावून उठायला लागले, तर बायने मला पदराला धरून परत बसवलं.

"एकाच अंगाला तेल पाजलंस तर वाकते ती. दोन्हीकडं सारखं पायजे."

बारीक चीर दिसली तर तिच्यात मेण भरायचं. डोंगरातल्या वाडीवरची एक ठाकरीण मधाबरोबर मेणाचे गोळे घेऊन यायची. बाय तिच्याशी तासभर घासाघीस करायची आणि मग तिला जेवू घालून पाठवायची. मला हे सगळं थोतांड वाटायचं. पण फळी हातात घेतली की तिची झिलई बघून बरं वाटायचं, हेही खरं.

आता मामंजींबद्दल सांगायला हवं. त्यांना समान वाटण्याचं वेड होतं. आंबा कापला की दोन फोडी दोन हातात घेऊन तोलायचे. लुगडी आणली तर दोन्ही सुनांना एकाच रंगाची, एकाच काठाची. वाळत घातली की कुणाचं कोणतं ते कळायचं नाही. बायला एकदा ताप आला तर तिच्याबरोबर मलाही काढा पाजला. मी धडधाकट होते, पण मला काढा न देणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने अन्याय.

अशा माणसावर घर वाटून देण्याची पाळी आली. माझ्या नवऱ्याला खोपोलीच्या एका कारखान्यात काम लागलं होतं. ऐन लावणीत सुट्टी मिळेना. मोठे दीर शेतात एकटे पडले. एक दिवस ते चिखलाने माखून आले आणि ओटीवर इस्त्रीच्या कपड्यात बसलेल्या भावाला म्हणाले, "तुझा सायब मोठा का भात मोठं?" आमच्या ह्यांनीही तोंडाला येईल ते उत्तर दिलं, "चिखल तुमाला आवडतोय, तुमीच तुडवा." झालं. दोघांचं बोलणं बंद पडलं. पावसाळा गेला, भात झोडून घरात आलं, तरी दोघे एकमेकांसमोरून मुक्याने जायचे. शेवटी मामंजी म्हणाले, माझ्या डोळ्यांदेखत वाटणी होऊन जाऊ दे.

भावकीतले पाच जण पंच म्हणून ओटीवर येऊन बसले. शेत, बैल, भाताची कणगी यांचं सकाळीच ठरलं. दुपारी भांड्यांचे दोन ढीग मांडले. तांब्याला तांब्या, टोपाला टोप. ज्याला जोडीदार नव्हता त्याच्या बदल्यात दुसरं काहीतरी. मग फळी आली, आणि तिच्या बदल्यात ठेवायला घरात काहीच नव्हतं.

एक पंच म्हणाले, थोरल्याला द्या. दुसरे म्हणाले, चिठ्ठी टाका. दारातून बाय म्हणाली, "तिच्याकडं ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, "नको, बायकडेच राहू दे." तिसऱ्या पंचांनी आमच्याकडे न बघता हात वर केला, म्हणजे बायकांनी मधे बोलू नये.  मामंजी उठले, आत गेले आणि करवत घेऊन आले.

सुतळीने त्यांनी फळी मोजली, सुतळी दुमडली, मधोमध कोळशाची रेघ मारली आणि कापायला बसले.  इतका समान न्याय पंचांनीही पाहिलेला नसावा. पण करवत तिरकी गेली आणि एक तुकडा दोन बोटं लांब निघाला. मामंजींचा चेहरा असा पडला की काय सांगू. लांब तुकडा रंध्याने कमी करतो म्हणून ते हट्टाला पेटले. पंचांनी हाताला धरून त्यांना खाली बसवलं. लांब तुकडा माझ्या ढिगात आला. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हीचा राग येत होता.

महिन्याभरात स्वयंपाकघराच्या मधे कारवीच्या काठ्यांचा कूड उभा राहिला. शेणामातीने लिंपला. इकडे माझी चूल, तिकडे बायची. मामंजी या अमावस्येपासून त्या अमावस्येपर्यंत एका घरी जेवायचे, मग दुसऱ्या घरी.

भाऊ भावाशी बोलत नसेल तर जावांनीही बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. कुणी सांगत नाही, पण विहिरीवर सगळं गाव बघत असतं. बोललीस तर नवऱ्याचा मान घालवलास. मला भांड्यांचं दुःख नव्हतं, फळीचंही एवढं नव्हतं. बाय गेली याचं होतं. ती हाताच्या अंतरावर होती, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या, आणि मी तिला मीठ आहे का एवढंही विचारू शकत नव्हते. भांडण पुरुषांचं आणि तोंडं आमची शिवलेली.

एक गोष्ट मात्र पंचांच्या नजरेतून सुटली होती. घरातली मांजर. तिची वाटणी झाली नाही. कुडाच्या खालच्या भोकातून ती दोन्ही घरांत फिरायची.

वाटणीनंतरची पहिली अमावस्या. मी माझ्या अर्ध्या फळीला तेल लावत बसले होते. पलीकडून बायचा तोच नदीपार जाणारा आवाज आला.

"मांजरे, कापलेल्या अंगाला नुसत्या तेलानं भागत नाय गं. तिथनंच पाणी शिरतं आन् फळी चिरते. मेण लाव, मेण."

मी माझा तुकडा उलटा करून बघितला. कापलेल्या कडेला खरंच एक बारीक चीर पडायला लागली होती.  मग मांजर भोकातून इकडे आली तशी मी तिला म्हटलं, "मेण संपलंय गं माझ्याकडचं." थोड्या वेळाने भोकातून मेणाचा एक गोळा सरकत आला. मांजरीने काही तो ढकलला नव्हता.

त्या दिवसापासून मांजरीला फार ऐकून घ्यावं लागलं. लोणच्यात मोहरी किती, मोठ्या दिरांचा गुडघा कसा आहे, मामंजींना रात्रीचा भात का सोसत नाही, पाणी भरायला केव्हा निघणार, सगळं तिलाच. ती बिचारी चुलीपाशी डोळे मिटून पडलेली असायची. मामंजींचा मुक्काम बदलायच्या दिवशी तर तिला लांबलचक सूचना मिळत. आमचे हे एकदा जेवता जेवता म्हणाले, "या मांजरीला बरंच समजतं." मी म्हटलं, "घरात कुणाला तरी समजायला हवं." त्यांनी ताटाकडे बघत पुढचा घास घेतला.

पण मांजरीशी बोलून किती दिवस काढणार? विहिरीवर भेटलो की बाय घागर उचलून सरळ निघून जायची, मीही दुसरीकडे बघायची. लोकांना आमचं खरंच वाटू लागलं होतं. कधी कधी मलाही वाटायचं. माणूस नुसतं सोंग घेतो आणि एक दिवस ते सोंग राहत नाही, या भीतीने मला झोप लागायची नाही.

आणि मग बायच्या मुलीचं लग्न ठरलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ही पोर पाळण्यात होती. तिला मी न्हाऊ घातलं, तिच्या वेण्या घातल्या, तिच्या उवा काढल्या. आता तिची हळद, आणि हळदीचं बोलावणं घरच्या पुरुषाने दारात येऊन करायचं असतं. मोठे दीर सगळ्या भावकीत फिरले, आमचं दार तेवढं चुकवून गेले.

त्या संध्याकाळी बाय मांजरीला म्हणाली, आणि आवाज नेहमीसारखा नव्हता, "मांजरे, मी सांगून दमले. ह्ये बोलवायला जायचे नाय. मी काय करू?"

मी म्हटलं, "बिनबोलावता कोण जाईल गं मांजरे?" आणि लगेच मला स्वतःच्या जिभेचा राग आला. घरच्या मुलीच्या हळदीला काकी नसली की मग पुढे कुठल्याच कार्याला नसते. एवढा दिवस चुकला की दार कायमचं बंद, हे मला कळत होतं. बायलाही कळत होतं. 

हळदीचा दिवस. अंगणात मांडव, आणि मी आमच्याच घरात दार लावून बसलेली. आमच्याकडे हळदीला मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या. दुपार कलल्यापासून भावकीतल्या बायका बायच्या मागच्या अंगणात चुली मांडून भाकऱ्या थापत होत्या. कुडाच्या अलीकडे बसून मी सगळं ऐकत होते. थापल्याचा आवाज, तव्यावरून काढल्याचा आवाज, आणि मग धातूवर थप्प. परत थप्प. घमेल्यात टाकत होत्या! एकावर एक, गरम गरम, घमेल्यात! बायची अर्धी फळी एवढ्या भाकऱ्यांना कुठून पुरणार, पण म्हणून घमेलं? मी उठले, बसले, पुन्हा उठले.

तेवढ्यात पलीकडे कुणीतरी ओरडलं, "अगं चिकटल्या बघ साऱ्या! येक उचलली तर चार येतायत!"

एवढं मला सहन होईना. भिंतीला उभी केलेली माझी अर्धी फळी मी काखेत मारली. आमचे हे खाटेवर कूस बदलून बघायला लागले.

"कुठं?"

"भाकऱ्या वाढायला."

"बोलावणं आलंय?"

"भाकऱ्यांनी बोलावलंय."

मागच्या दाराने जाता आलं असतं. मी पुढच्या दाराने गेले. मांडवात मोठे दीर पाहुण्यांबरोबर बसले होते, पाय पसरून, नेमके वाटेवर. मी समोर जाऊन उभी राहिले. बोलायचा प्रश्नच नव्हता, मोठ्या दिराशी मी कधीच बोलत नसे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं.  मग त्यांनी पाय आखडून घेतले आणि पाहुण्याला म्हणाले, "जरा सरका, घरातली बाई जातेय."

बाय चुलीपाशी होती. पिठाने हात माखलेले, घामाने कुंकू उतरलेलं. मला बघून ती उठली नाही, हसली नाही.

"उशीर केलास," म्हणाली.

मांजर मधे नसताना ती माझ्याशी बोलली. मी काहीतरी टोचून बोलणार होते, बोलावलं कुठे होतंस वगैरे, पण त्याऐवजी मी सगळ्या बायकांसमोर रडले. बायही रडली. मग तिनेच डोळे पुसले, चेहऱ्याला पीठ लागलं, आणि ओरडली, "ते घमेलं उचला आधी तिथनं!"

तिची अर्धी फळी आतून आली. पाठीला हात लावून बघितला, तेल होतं. तिनेही माझ्या फळीची पाठ बघितली. मग आम्ही कोरडं फडकं घेऊन दोन्ही फळ्या पुसल्या, तव्यावरच्या भाकऱ्या थेट त्यांच्यावर घेतल्या आणि निघालो. मांडवात दोन पंगती समोरासमोर. ती एकीला, मी दुसरीला. गप्पा मारायच्या तर आता पंगतीपलीकडून ओरडावं लागत होतं, ते आम्ही केलं. नवऱ्या मुलीला वाढताना तिने माझा हात धरला आणि सोडेना, त्या वेळी फळी घसरता घसरता राहिली.

मधेच बाय दिसेनाशी झाली. पाहते तर आमच्या दारात. आमचे हे उंबऱ्यात उभे, आणि बाय त्यांच्यासमोर फळी धरून. "भावजी, हळदीच्या घरची हाय. गरम हाय तवर खा." त्यांनी तिथेच उभ्याने भाकरी खाल्ली. मांडवातून भाऊ बघत होता. दोघे त्या दिवशी बोलले नाहीत. बोलले ते पुढे, बैल आजारी पडला तेव्हा, आणि तेही फक्त बैलाबद्दल.

मामंजी माझ्या पंगतीच्या टोकाला बसले होते. मी त्यांना वाढलं तेव्हा बायही तिची पंगत संपवून तिथे पोचली. दोन्ही अर्ध्या फळ्या त्यांच्या ताटापाशी शेजारी शेजारी आल्या. मामंजींनी घास तोंडाजवळ नेला आणि परत ताटात ठेवला. दोन्ही तुकड्यांच्या कापलेल्या कडांवरून त्यांनी बोट फिरवलं. तिथे मेण होतं, दोन्हीकडे, गुळगुळीत.

"जोडून देऊ का परत?" त्यांनी विचारलं. "मधी पट्टी मारून व्हईल. तुमी दोघी सांगाल तसं."

आम्हाला विचारलं होतं. त्या घरात सारखी लुगडी मिळाली होती, सारखा काढा मिळाला होता, पण तुमच्या मनात काय आहे असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. बायने माझ्याकडे बघून भुवई उडवली, म्हणजे तू सांग.

"नको मामंजी," मी म्हटलं. "दोन असल्या की दोन पंगती एकदम वाढून होतात. मग आम्हा दोघींना लवकर बरोबर जेवायला बसता येतं."